वस्तू-शोधात ‘सगळे फिल्टर काढा’ बटण: कुठे बसवायचं, काय पुसायचं, काय ठेवायचं?

नारायणपेठी

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी विचारतो आहे. वर्डप्रेस आणि त्यावरचं दुकानाचं प्लगइन वूकॉमर्स, जुन्या पद्धतीची पीएचपी थीम, ब्लॉक थीम नाही. डाव्या पट्टीत इयत्ता, माध्यम, बोर्ड, प्रकाशन, किंमत आणि ‘फक्त उपलब्ध’ असे फिल्टर आहेत. शोधपेटी वर वेगळी.

सध्या फिल्टर काढायचे तर एकेक खूण काढावी लागते आणि दर खुणेला पान नव्याने लोड होतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पाठ्यपुस्तकांची गर्दी त्याआधीच सुरू होते. तोवर एका टिचकीत सगळे फिल्टर काढणारं बटण हवं आहे. ते फॉर्ममध्येच टाकावं की यादीच्या वर? शोधलेला शब्दही पुसावा का? किमतीचा सरकपट्टा आणि पान क्रमांक यांचं काय करायचं? सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

कळफलक

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो: फॉर्ममध्ये ‘टाइप=रीसेट’चं बटण टाकू नका.

एचटीएमएलचा रीसेट फॉर्म रिकामा करत नाही. सर्व्हरने फॉर्म ज्या अवस्थेत पाठवला होता, त्या अवस्थेला तो परत नेतो. ‘इयत्ता ८’ निवडून पान लोड झालं की सर्व्हर तो चौकोन खूण केलेलाच पाठवतो. म्हणजे रीसेट दाबल्यावर खूण जागच्या जागी राहते आणि बटण बिघडलंय असं वाटतं. फिल्टर न लावलेल्या पानावर चाचणी घेतली तर हे लक्षातच येत नाही, कारण तिथे मूळ अवस्था आणि रिकामी अवस्था एकच असते.

याच्या आसपास आणखी खाचा आहेत. ‘रीसेट’ हा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना, फॉर्ममधली मूल्यं बदलण्याच्या आधी उडतो, त्यामुळे त्याच्या हँडलरमध्ये फॉर्म वाचला तर जुनीच निवड हाती येते. बटणाला ‘नेम=रीसेट’ असं नाव दिलं तर ते नाव फॉर्मच्या स्वतःच्या रीसेट फंक्शनला झाकून टाकतं आणि स्क्रिप्टमधून हाक मारली की ‘हे फंक्शन नाही’ अशी चूक येते. आणि सरकपट्टा, म्हणजे ‘टाइप=रेंज’, याला रिकामं मूल्य देता येत नाही. दिलंत तर तो किमान आणि कमाल यांच्या बरोबर मध्यावर जाऊन बसतो. ० ते २००० चा पट्टा ‘पुसल्यावर’ १००० वर थांबलेला दिसला तर कारण हे असतं.

माझं मत स्पष्ट आहे. फिल्टरची खरी जागा पत्त्यात, यूआरएलमध्ये. पडद्यावरचे चौकोन आणि पट्टे त्या पत्त्याचं नुसतं चित्र. मग ‘सगळे फिल्टर काढा’ हे बटण राहतच नाही. फिल्टरचे तुकडे वगळलेल्या पत्त्याकडे जाणारा तो साधा दुवा होतो. जावास्क्रिप्ट बंद असो, नेट संथ असो, चालतोच. ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबलं की आधीची निवड परत मिळते, त्यामुळे ‘नक्की काढायचे का?’ असं विचारणारी खिडकीही लागत नाही.

कंसातला_कोड

कळफलक यांच्याशी सहमत. आता वूकॉमर्समध्ये नेमकं काय करायचं ते.

पत्त्यात येणारे फिल्टरचे तुकडे असे: गुणधर्मांसाठी (इयत्ता, माध्यम, बोर्ड असे) ‘फिल्टर_’ने सुरू होणारे, त्यांच्या जोडीला ‘क्वेरी_टाइप_’ने सुरू होणारे, किमतीचे ‘मिन_प्राइस’ आणि ‘मॅक्स_प्राइस’, आणि ताऱ्यांचा ‘रेटिंग_फिल्टर’. तुमचा ‘फक्त उपलब्ध’ एखाद्या प्लगइनचा असेल तर त्याचं नाव पत्ता उघडून बघून घ्या. ‘ऑर्डरबाय’, शोधशब्दाचा ‘एस’ आणि ‘पोस्ट_टाइप’ यांना हात लावायचा नाही. ‘पोस्ट_टाइप’ उडाला तर शोध वस्तूंचा न राहता अख्ख्या साइटचा होतो आणि ब्लॉगचे लेखही यादीत येतात.

कृती: चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये, किंवा त्याहून बरं म्हणजे छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये एक फंक्शन लिहा. आधी ‘इज_फिल्टर्ड’ विचारा. वूकॉमर्सचं हे तयार फंक्शन गुणधर्म, किंमत आणि तारे यांपैकी काही लावलं असेल तर होकार देतं. प्लगइनच्या फिल्टरची त्याला कल्पना नसते, ती तपासणी तुम्ही जोडायची. मग ‘गेट’मधल्या, म्हणजे पत्त्यातून आलेल्या, सगळ्या नावांवर फिरून वर दिलेल्या उपसर्गांची नावं गोळा करा, ती यादी ‘रिमूव्ह_क्वेरी_आर्ग’ला द्या आणि निघालेला पत्ता ‘एस्क_यूआरएल’मधून गाळूनच छापा. हे गाळणं ऐच्छिक नाही. ‘अ‍ॅड_क्वेरी_आर्ग’ आणि ‘रिमूव्ह_क्वेरी_आर्ग’ स्वतः काहीही गाळत नाहीत. २०१५ साली कितीतरी वर्डप्रेस प्लगइनमध्ये सुरक्षेची एकाच प्रकारची भोकं सापडली, ती याच कारणाने.

पान क्रमांकाचं उत्तर: वर्डप्रेस तो पत्त्याच्या मार्गात, ‘/पेज/३/’ असा ठेवतं. ‘रिमूव्ह_क्वेरी_आर्ग’ फक्त प्रश्नचिन्हानंतरचा भाग बघतं. म्हणजे फिल्टर जातात आणि माणूस सगळ्या पुस्तकांच्या तिसऱ्या पानावर उतरतो. म्हणून मूळ पत्ता चालू विनंतीतून घेऊ नका. दुकानाच्या पानावर ‘डब्ल्यूसी_गेट_पेज_पर्मालिंक’, वर्गवारीत ‘गेट_टर्म_लिंक’, शोधात मुख्य पत्ता अधिक ‘एस’ आणि ‘पोस्ट_टाइप’, असा तो बांधा आणि त्याला ‘ऑर्डरबाय’ असेल तर चिकटवा. एका टिचकीत पान पहिल्यावर येतं.

आता जागा. हे फंक्शन ‘वूकॉमर्स_बिफोर_शॉप_लूप’ या हुकवर, म्हणजे आपलं फंक्शन अडकवायच्या ठरलेल्या जागेवर, १५ या क्रमाने लावा. १० वर सूचना असतात, २० वर ‘इतके निकाल’ ही ओळ, ३० वर क्रमवारीची पेटी. १५ म्हणजे निकालांच्या आकड्याच्या लगेच वर.

पण फक्त एवढंच केलंत तर बटण नेमकं गरजेच्या वेळी गायब होईल. एकही वस्तू सापडली नाही की तो हुक चालतच नाही, त्याऐवजी ‘वूकॉमर्स_नो_प्रॉडक्ट्स_फाउंड’ चालतो. तेच फंक्शन तिथेही लावा, क्रम ५ ठेवा म्हणजे १० वरच्या ‘काही सापडलं नाही’ या संदेशाच्या आधी येईल. संदेशाखाली हवं असेल तर १५.

पर्वती_पायथा

कंसातला_कोड, शून्य निकालांचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून एक.

शोधात फक्त एकच वस्तू उरली तर वूकॉमर्स यादी न दाखवता थेट त्या वस्तूच्या पानावर नेतं. ‘गणित’ शोधलं, मग इयत्ता आणि प्रकाशन निवडलं, एकच पुस्तक उरलं, की माणूस अचानक पुस्तकाच्या पानावर. तिथे ना फिल्टरची पट्टी, ना आपलं बटण. ‘वूकॉमर्स_रिडायरेक्ट_सिंगल_सर्च_रिझल्ट’ या वर्डप्रेसच्या कोडमधल्या ‘फिल्टर’ला (गिऱ्हाइकाचा फिल्टर नव्हे) ‘नाही’ हे उत्तर परतवा, एका ओळीचं काम आहे.

नारायणपेठी

हे एकाच पुस्तकाचं प्रकरण इथे होतंच आहे, धन्यवाद. शोधशब्दाबद्दल मात्र दुकानाचं म्हणणं आहे की ‘सगळं काढा’ म्हणजे सगळंच, शब्दसुद्धा.

पर्वती_पायथा

माझा ठाम नकार. शब्द गिऱ्हाइकाने स्वतः टाइप केलेला असतो, तोही मराठीत, मोबाइलवर, दोन-तीन दुरुस्त्या करून. फिल्टर ही त्या शब्दाच्या उत्तराची चाळणी. चाळणी बाजूला ठेवताना धान्य सांडू नये. शोधपेटीच्या आत शब्द पुसायची वेगळी फुली द्या, तिचं काम तिथेच संपतं.

हीच कसोटी बाकीच्यांना लावा. क्रमवारी हा फिल्टर नाही, कारण तिने एकही पुस्तक लपत नाही. घरपोच देण्यासाठी घेतलेला पिनकोड तर अजिबात पुसू नका. जे पुस्तक लपवतं ते जाईल, जे पुस्तकांची मांडणी किंवा पोहोच ठरवतं ते राहील.

‘फक्त उपलब्ध’ अडचणीचा आहे. तो मुळातच चालू ठेवला असेल तर ‘सगळे काढा’ने तो बंद व्हावा की मूळ स्थितीला यावा? मी मूळ स्थितीला आणेन, पण तेव्हा त्याची चकती (फिल्टरचं नाव आणि काढायची फुली असलेला छोटा तुकडा) इतरांसारखी दाखवायची नाही, नाहीतर सगळं काढल्यावरही एक चकती उरलेली दिसते. त्याहून सोपं म्हणजे तो मुळात बंद ठेवा आणि संपलेली पुस्तकं यादीत शेवटी लावा.

आणि पालकांचा विचार करा. घरात दोन मुलं: एक पाचवी सेमी, एक आठवी सेमी. पाचवीची पुस्तकं टोपलीत टाकून झाली की त्यांना फक्त इयत्ता बदलायची असते, माध्यम आणि बोर्ड तेच. त्यांच्यासाठी ‘सगळे काढा’ हा तोटा आहे. म्हणून बटणाच्या आधी, त्याच ओळीत, लावलेल्या प्रत्येक फिल्टरची चकती हवी: ‘इयत्ता ५ ×’, ‘सेमी ×’. सगळे काढायचं बटण ओळीच्या शेवटी, दिसायला चकत्यांपेक्षा वेगळं, आणि दोन किंवा जास्त फिल्टर असतील तेव्हाच. एकाच फिल्टरला एक चकती पुरते.

कंसातला_कोड

चकत्यांना अनुमोदन. वूकॉमर्सचं ‘सक्रिय फिल्टर’ विजेट चकत्यांचं काम करतं, फक्त त्यात सगळे काढायचा दुवा नसतो. ब्लॉक थीम असती तर ‘सक्रिय फिल्टर’ ब्लॉकमध्ये तो आयता मिळाला असता.

दोन फिल्टर असल्याशिवाय बटण नको, हे मात्र मला पटत नाही. शून्य निकालांच्या पानावर एक फिल्टर असला तरी ते दिसू दे. तिथे माणूस अडकलेला असतो, बारीक फुली शोधत बसणार नाही.

पर्वती_पायथा

शून्य निकालांसाठी मान्य. उलट तिथे आणखी एक करा. प्रत्येक चकतीपुढे ‘हा काढला तर किती पुस्तकं मिळतील’ तो आकडा. चार फिल्टर म्हणजे मोजणीच्या चार जास्तीच्या क्वेऱ्या, त्याही फक्त याच पानावर. ‘प्रकाशन काढा, १४ पुस्तकं’ असं दिसलं की सगळं पुसायची गरजच उरत नाही.

अक्षरओळ

मराठी गुणधर्मांची नावं असतील तर एक वेगळा धोका आहे, तो या बटणाशी थेट जोडलेला आहे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात गेलं की टक्केचिन्हांसकट ९ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. वर्डप्रेसमध्ये संज्ञेच्या (म्हणजे गुणधर्माच्या एकेका पर्यायाच्या) स्लगला, पत्त्यात वापरायच्या नावाला, २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात १० चिन्हं, ९० अक्षरं. ‘महाराष्ट्र राज्य माध्यमिक’ इथवर येईतो २०९ होतात आणि स्लग मध्येच कापला जातो. बोर्डाचं पूर्ण नाव तसंच ठेवलं असेल तर हे घडलेलं असणार.

बटणावर परिणाम असा: एकच चकती काढताना पत्त्यातलं मूल्य आणि साठवलेला स्लग यांची तुलना करावी लागते. वर्डप्रेस टक्केचिन्हानंतरची इंग्रजी अक्षरं लहान लिपीत साठवतं, ब्राउझर ती मोठ्या लिपीत पाठवतो. अक्षराला अक्षर जुळवून बघितलं तर दोन्ही वेगळे ठरतात आणि चकती निघत नाही. तुलनेआधी दोन्ही बाजू डीकोड करा. सगळ्यात उत्तम म्हणजे स्लग रोमन लिपीत आणि आखूड ठेवा, पडद्यावर दिसणारं नाव खुशाल पूर्ण मराठीत. वॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवाही मग पाच ओळींचा होत नाही, आणि शाळेच्या गटात पुस्तकांच्या याद्या तशाच फिरतात.

नारायणपेठी

बोर्डाचे स्लग बघितले, कापलेलेच आहेत. बदलतो. पुढचा प्रश्न: दुकानाला पान न बदलता, अजॅक्सने यादी बदललेली हवी आहे. मग दुवा राहतो की बटण?

कळफलक

दुवाच ठेवा, वरून स्क्रिप्ट लावा. टिचकी अडवायची, दुव्याचा पत्ता घ्यायचा, ‘पुशस्टेट’ने इतिहासात एकच नोंद टाकायची आणि त्या पत्त्याची यादी आणायची. ‘रिप्लेसस्टेट’ वापरलं तर मागे जाण्याची सोय जाते. उलट प्रत्येक फिल्टर वेगवेगळा काढून प्रत्येकाला नोंद टाकली तर मागे जायला पाच वेळा दाबावं लागतं. ‘पॉपस्टेट’ ऐकून पत्त्यावरून चौकोन पुन्हा भरायचे. कंट्रोल किंवा कमांड धरून केलेली टिचकी अडवू नका, ती नव्या टॅबसाठी असते.

अजॅक्समध्ये बिघडणाऱ्या जागा या:

दुवा अजॅक्सच्या उत्तरात तयार होत असेल तर तिथे चालू विनंतीचा पत्ता ‘अ‍ॅडमिन-अजॅक्स’चा असतो. ‘रिमूव्ह_क्वेरी_आर्ग’ला पत्ता न देता हाक मारली की दुवा थेट तिकडे जातो आणि गिऱ्हाइकाला कोऱ्या पानावर एक शून्य दिसतं. मूळ पत्ता स्वतः बांधा, हे वर सांगितलंच आहे.

सरकपट्ट्याला सहसा ३०० मिलिसेकंदांचा थांबा दिलेला असतो. पट्टा हलवून लगेच ‘सगळे काढा’ दाबलं की आधी यादी मोकळी होते आणि मग मागे राहिलेला टायमर किंमत पुन्हा लावतो. काढताना पहिलं काम ‘क्लिअरटाइमआउट’ने तो टायमर रद्द करणं. तसंच आधीची विनंती वाटेत असेल तर ‘अबॉर्टकंट्रोलर’ने तोडा. संथ नेटवर जुनं उत्तर नव्याच्या नंतर पोचतं आणि पडद्यावर फिल्टर काढलेले पण यादी गाळलेली, असं चित्र दिसतं.

स्क्रिप्टने पट्ट्याचं मूल्य बदललं की ‘इनपुट’ किंवा ‘चेंज’ इव्हेंट आपोआप उडत नाहीत. त्यामुळे पट्टा टोकाला जातो आणि शेजारची ‘₹२०० ते ₹५००’ ही पाटी तशीच राहते. पाटी बदलणारं फंक्शन हाताने बोलवा.

आणि बटण लपवायला ‘हिडन’ वापरत असाल तर सीएसएस तपासा. त्याच घटकाला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलेलं असेल तर ‘हिडन’ निष्प्रभ ठरतं आणि फिल्टर नसतानाही बटण दिसत राहतं.

वाचनसुलभ

स्क्रीन रीडर आणि कळफलकावरून वापरणाऱ्यांसाठी:

अजॅक्सने फिल्टर निघाले की बटणही नाहीसं होतं. फोकस त्याच्यावरच होता, तो आता पानाच्या मुळाशी पडतो, आणि टॅब दाबला की माणूस पुन्हा अगदी वरच्या मेनूपासून सुरुवात करतो. निकालांच्या शीर्षकाला ‘टॅबइंडेक्स=-१’ द्या आणि फोकस तिथे न्या.

निकालांचा आकडा ‘रोल=स्टेटस’ असलेल्या घटकात ठेवा: ‘सगळे फिल्टर काढले. ३१२ पुस्तकं.’ हा घटक पान लोड होतानाच हजर पाहिजे, रिकामा असला तरी चालेल. मजकुरासकट ऐन वेळी घुसवला तर अनेकदा वाचला जात नाही.

चकतीवरची फुली नुसती ‘×’ म्हणून वाचली जाते. तिला ‘इयत्ता ५ हा फिल्टर काढा’ असं नाव द्या. बोट टेकवायची जागा ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या निकषांप्रमाणे निदान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल. मोबाइलवर मी ४४ च्या खाली जात नाही. फक्त फुलीला नव्हे, पूर्ण चकतीलाच टिचकी लागू करा.

चुकून खरं बटण वापरलंत तर ‘टाइप=बटण’ लिहायला विसरू नका. फॉर्ममधलं बटण न सांगता ‘सबमिट’ असतं आणि काढायच्या ऐवजी तेच फिल्टर पुन्हा लावून येतं.

नारायणपेठी

मोबाइलवर फिल्टर खालून वर येणाऱ्या पडद्यात आहेत आणि ‘लावा’ म्हटल्याशिवाय यादी बदलत नाही. तिथे काढणं लगेच व्हावं का?

पर्वती_पायथा

पडद्याच्या आत नाही. तिथे सगळ्याच खुणा ‘लावा’पर्यंत कच्च्या असतात, काढणंही कच्चंच राहू दे. तळाला चिकटलेली पट्टी, डावीकडे ‘सगळे काढा’, उजवीकडे ठळक ‘३१२ पुस्तकं दाखवा’. काढल्यावर पडदा मिटवू नका, आकडा तेवढा बदला. पालकांना बहुधा लगेच दुसरी इयत्ता निवडायची असते. पडदा मिटल्यावर यादीच्या वर दिसणारा दुवा मात्र तत्काळ काम करणारा.

आयफोनवर ती पट्टी खालच्या आडव्या रेघेखाली जाते, तळाला सेफ एरियाएवढी जागा सोडा. आणि सीएसएसमध्ये पडद्याची उंची १०० व्हीएचऐवजी १०० डीव्हीएच (ब्राउझरची पट्टी दिसेल-लपेल तशी बदलणारं एकक) द्या, नाहीतर सफारीच्या पट्टीमागे दोन्ही बटणं झाकली जातात.

अक्षरओळ

चाचणी घेताना फायरफॉक्समध्ये जरूर बघा. साधं रीलोड केल्यावर तो चौकोनांच्या खुणा लक्षात ठेवून परत भरतो, पत्त्यात फिल्टर नसला तरी. फॉर्मला ‘ऑटोकम्प्लीट=ऑफ’ दिलं की थांबतं. पुस्तकाच्या पानावरून मागे आल्यावर पान गोठवलेल्या अवस्थेतून उठतं, तेव्हा ‘पेजशो’ इव्हेंटमध्ये ‘पर्सिस्टेड’ खरं असेल तर पत्ता आणि खुणा पुन्हा जुळवून घ्या.

नारायणपेठी

दुवा, चकत्या, दोन्ही हुक आणि रोमन स्लग, एवढं चाचणीच्या साइटवर लावलं. शून्य निकालांवरही दुवा दिसतो. एक अडलं आहे: किमतीच्या दोन चकत्या येतात, ‘किमान ₹२००’ आणि ‘कमाल ₹५००’. एक काढली की दुसरी राहते.

कंसातला_कोड

विजेट दोन्ही टोकं वेगळी धरतं. चकत्या स्वतः छापत असाल तर ‘मिन_प्राइस’ आणि ‘मॅक्स_प्राइस’ दोन्ही असताना ‘₹२०० ते ₹५००’ अशी एकच चकती करा आणि तिच्या दुव्यातून दोन्ही नावं वगळा. एकच टोक असेल तर ‘₹५०० पर्यंत’. गुणधर्मांचंही बघून घ्या: ‘फिल्टर_’मध्ये एकाहून जास्त मूल्यं स्वल्पविरामाने जोडलेली असतात. एक चकती काढताना तेवढंच मूल्य वगळायचं, आणि शेवटचं निघालं की जोडीचा ‘क्वेरी_टाइप_’सुद्धा. तो राहिला तर यादी बरोबर येते, पण पत्त्यात निरुपयोगी शेपूट उरतं आणि त्याच यादीचे दोन-दोन पत्ते शोधयंत्रांना सापडतात.